शाँकचुन्नी, जखीण आणि बर्गी

आमच्या कोलकात्याच्या घरात एकाच तिथीला दोन सण होतात. पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, नरकासुराची आठवण. संध्याकाळी शेजाऱ्यांचं बघून आम्हीही लावायला शिकलो ते चौदा दिवे. आपण जिला नरक चतुर्दशी म्हणतो, तीच बंगाल्यांची भूतचतुर्दशी. त्या दिवशी बाजारात चौदा प्रकारच्या पालेभाज्यांची मिसळ विकायला येते, ती खायची. अंधार पडला की घराच्या कानाकोपऱ्यात दिवे ठेवायचे. चौदा पिढ्यांचे पूर्वज त्या रात्री घराकडे फिरकतात, त्यांना वाट दिसावी म्हणून. आणि त्यांच्यामागून जे कोणी येईल त्याने उंबऱ्याबाहेरच थांबावं म्हणूनही. एकाच दिव्याने पितरांना बोलवायचं आणि भुतांना घालवायचं.

मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. गेली काही वर्षं माझ्या टेबलावर भुतांच्या गोष्टी जास्त आहेत. बालसाहित्याचं काम म्हणून हातात घेतलं तेव्हा वाटलं होतं की हे सोपं जाईल. भूत म्हणजे भूत, शब्दसुद्धा तोच. पण पहिल्याच गोष्टीत शाँकचुन्नी आली आणि मी अडले.

हातात शंखाच्या बांगड्या घालते ती शाँकचुन्नी. शाँखा हे बंगालात सवाष्णीचं लेणं, तेव्हा शाँकचुन्नी म्हणजे सवाष्ण मेलेल्या बाईचं भूत. तिला पुन्हा संसार हवा असतो. लालबिहारी दे यांच्या 1883 सालच्या ‘फोक टेल्स ऑफ बेंगॉल’ या इंग्रजी संग्रहात ती एका ब्राह्मणाच्या बायकोला झाडाच्या ढोलीत कोंडते आणि तिची जागा घेऊन घरात कामाला लागते. मी सवयीने ‘हडळ’ लिहून गेले. दोन दिवसांनी खोडलं. हडळ वेगळी. कोकणातल्या समजुतीप्रमाणे बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत बाई गेली तर ती हडळ होते. विधवेचं भूत म्हणजे लावसट. आणि नवरा मागे ठेवून गेलेल्या सवाष्णीचं भूत म्हणजे जखीण. शाँकचुन्नीची खरी मराठी बहीण जखीण आहे. पण ‘जखीण’ हा शब्द आता मराठी मुलांना ठाऊक नाही. आणि जखिणीच्या हातात हिरवा चुडा असेल, शंखाच्या बांगड्या नाहीत.

यावरून मला एक गोष्ट लक्षात आली. भुतांची यादी ही भीतीची यादी नाही, ती समाजाची खानेसुमारी आहे. बंगालात ब्राह्मण मेला की ब्रह्मदैत्य होतो, बेलाच्या झाडावर राहतो, पायात खडावा घालतो आणि बरेचदा भल्या माणसासारखा वागतो. आपल्याकडे ब्रह्मसमंध. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी मुलगा गेला तर मुंजा, पिंपळावर. मासे मागत मागे लागतो तो मेछो भूत. आपल्याकडे पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा. बाईच्या बाबतीत दोन्हीकडे तिचं लग्न झालं होतं का, नवरा होता का, मूल झालं होतं का, हेच विचारलं जातं. जिवंतपणी जे प्रश्न, मेल्यावरही तेच.

आपल्याकडची ही यादी आपल्यापर्यंत कशी पोचली त्याची हकीकत कोणत्याही भूतकथेपेक्षा विलक्षण आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा अभ्यासक होता आणि मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करत होता. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवायचे, त्यांनी उत्तरं लिहून पाठवायची, अशी ती पद्धत. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला तो आला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याचे कागद आर. ई. एन्थोव्हेनने संकलित केले आणि कोकणचा भाग 1915 साली छापून आला. आपल्या हडळी, जखिणी, देवचार आणि मुंजे आज अभ्यासकाला ज्या पुस्तकात भेटतात, ते एका मारल्या गेलेल्या अंमलदाराच्या टिपणांतून उभं राहिलेलं आहे. त्यात उत्तरं लिहिणाऱ्या मास्तरांचा आवाज किती आणि साहेबाच्या प्रश्नांचा किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

खानेसुमारी म्हटली की तिच्यात ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ असे रकाने आलेच. बंगाली भुतांत एक मामदो भूत आहे. मामदो म्हणजे मुसलमानाचं भूत. शब्द ‘महंमदी’वरून आलेला. मराठी लोकसमजुतीत हीच जागा खवीस घेतो, आणि तो शब्द अरबी ‘खबीस’चा, म्हणजे दुष्ट, नापाक. शेजारी म्हणून शतकानुशतकं राहिलेल्या माणसाला आपण मेल्यावरही वेगळ्या झाडावर बसवलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथे कथिलाच्या खाणी होत्या. खाणकामगार सांगत की भूगर्भात छोटी माणसं राहतात, त्यांच्या हातोड्यांची टकटक ऐकू येते, ते नॉकर. ते चांगल्या धातूची जागा दाखवतात, छत कोसळायच्या आधी सावध करतात, म्हणून आपल्या डब्यातला एक तुकडा त्यांच्यासाठी टाकायचा. रॉबर्ट हंटने 1865 साली या कथा छापल्या. हे नॉकर कोण, याचं तिथलं प्रचलित उत्तर असं होतं की ते जुन्या काळी खाणीत राबायला आणलेल्या ज्यूंचे आत्मे आहेत. असे ज्यू कामगार त्या खाणींत होते याला इतिहासात आधार नाही. पण युरोपात ज्याला बाहेरचा ठरवायचा त्याचं नाव तयारच होतं, तेच जमिनीखालच्या टकटकीला मिळालं. पुढे कॉर्नवॉलचे खाणकामगार अमेरिकेत गेले, नॉकरही त्यांच्याबरोबर गेले आणि टॉमीनॉकर झाले. 1987 साली स्टीफन किंगने त्यांचं नाव कादंबरीला दिलं तेव्हा त्यात परग्रहावरचे प्राणी होते. भीती नवी, नाव जुनं. त्या नावाला एके काळी चिकटलेला ज्यू मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. कोणी त्याची माफी मागितली नाही, कोणी हिशेब केला नाही.

त्याच कॉर्नवॉलमध्ये पिस्की माणसाला भर शेतात वाट चुकवतात. त्यावर उपाय, अंगातला कोट उलटा करून घालायचा. बंगालात हे काम कानाभुलो करतो, आपल्याकडे चकवा लागतो. वाट चुकण्याची भीती सगळ्यांना सारखीच आहे, त्यामुळे अशा भुतांचा अनुवाद सोपा जातो. अनुवाद अडतो तो मामदोपाशी.

आता बंगाली कथेत या भुतांचं पुढे काय झालं ते पाहू, कारण इथेच बंगाली आणि मराठी वाटा वेगळ्या होतात.

कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे 1857 साली लागले, वीज 1899 साली आली. या दोन सालांच्या मधे त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी आपली भुतं लिहिली. हे गृहस्थ इंडियन म्युझियममध्ये अधिकारी होते, 1886 साली लंडनच्या प्रदर्शनासाठी विलायतेला जाऊन आलेले, दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेले. ‘लुल्लू’ या गोष्टीत ते शास्त्रीय गांभीर्याने सांगतात की पाणी गोठून जसं बर्फ होतं तसा अंधार गोठून भूत होतं. म्हणजे गॅसच्या दिव्यांनी भुतांचा कच्चा मालच तोडला. याच गोष्टीत एका भुताला वर्तमानपत्राचा संपादक केलं जातं, कारण शिव्या देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. 1892 सालच्या ‘कंकावती’त भुतांनी ‘स्कल, स्केलेटन अँड कंपनी’ काढली आहे. साहेबाच्या राज्यात व्यापारी कोठी काढल्याशिवाय भुतालाही प्रतिष्ठा नाही. वाचताना हसू येतं आणि मग कळतं की आपण कलकत्त्याच्या बाबूंना हसतो आहोत.

त्यानंतर भूत आणि राक्षस स्वदेशी झाले. 1905 ची फाळणी, परदेशी कापडाच्या होळ्या, आणि 1907 साली दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांचा ‘ठाकुरमार झुली’, म्हणजे आजीचा बटवा. प्रस्तावना रवींद्रनाथांची. या बटव्याइतकं स्वदेशी दुसरं काय असेल, पण हल्ली तोही मँचेस्टरच्या कारखान्यातून तयार होऊन येऊ लागला होता, असा त्यांचा सूर आहे. कापडाची उपमा गोष्टींना लावली जाते तेव्हा लोककथा ही मालमत्ता होते. आणि मालमत्ता म्हटली की ती कुणाची, हा प्रश्न येतो.

1924 साली परशुराम, म्हणजे राजशेखर बसू, यांचा ‘गड्डलिका’ हा संग्रह आला. बसू बेंगॉल केमिकल्स ही औषधांची कंपनी चालवत आणि पुढे त्यांनी ‘चलंतिका’ हा बंगाली शब्दकोश केला. त्यांची ‘भुशंडीर माठे’ ही गोष्ट मला बंगाली भुतांची घटना वाटते. शिबू भट्टाचार्य मरतो आणि भुशंडीच्या माळावर ब्रह्मदैत्य होऊन राहतो. तिथे पेत्नी, शाँकचुन्नी आणि डाकिणी भेटतात, एक यक्ष आहे, आणि कारिया पिरेत नावाचं एक बिहारी भूतही आहे, जे आपल्या हिंदीत बोलतं. तिन्ही जन्मांचे नवरे आणि बायका एकाच माळावर गोळा होतात आणि कुणाचा हक्क कुणावर हे ठरत नाही. पुनर्जन्म खरा मानायचा तर सात जन्मांच्या सोबतीचं काय होईल, याचा हा कोशकाराने काढलेला हिशेब आहे.

उपेंद्रकिशोर रायचौधुरींची ‘गुपी गाइन बाघा बाइन’ त्यांच्याच ‘संदेश’ मासिकात 1915 साली आली. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी 1969 साली तिचा चित्रपट केला. बांबूच्या बनातला भुतांचा नाच सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो कुणाकुणाचा नाच आहे हे थोडे लक्षात ठेवतात. चार प्रकारची भुतं नाचतात: राजे, साहेब, ढेरपोटे लठ्ठ लोक आणि साधी रयत. प्रत्येक वर्गाला दक्षिणेतलं एक वेगळं तालवाद्य: मृदंगम, घटम, कंजिरा, मोरसिंग. चौघे आपसांत लढतात, मरतात, आणि शेवटी एकावर एक चार ओळींत नाचत राहतात. साडेसहा मिनिटांत बंगालचा इतिहास. 2012 साली अनीक दत्त यांच्या ‘भूतेर भविष्यत’मध्ये तीच कल्पना एका जुन्या वाड्यात शिरली. जमीनदार, साहेब, खानसामा, बिहारी रिक्षावाला, पूर्व बंगालचा निर्वासित, नक्षलवादी तरुण, सगळे मेल्यावर एकत्र नांदतात आणि वाडा पाडायला निघालेल्या प्रमोटरशी, म्हणजे आपल्या बिल्डरशी, लढतात. ‘भूत’ या शब्दातला श्लेष मराठीत जसाच्या तसा उतरतो: भुताचं भविष्य, आणि भूतकाळाचंही.

मराठीत भूत हसवत नाही असं नाही. आपल्या सिनेमाने ते केलं आहे. पण आपल्या कथेचा मुख्य प्रवाह भीतीकडे गेला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून पांघरुणात शिरलेली आमची पिढी आहे, आणि खानोलकरांच्या कोकणात भूत माणसाच्या मनाच्या तळघरातून वर येतं. बंगाल्यांनी भुताला गल्लीतला शेजारी केलं, आपण त्याला घराच्या आत कोंडलेलं ठेवलं. दोन्ही रीती मला आवडतात. अनुवाद करताना मात्र भान ठेवावं लागतं: बंगाली भुताला मराठी नाव दिलं की मराठी भीतीही त्याच्याबरोबर येते आणि हसायच्या जागी मूल दचकतं.

आवाजाचीही एक गंमत आहे. बंगाली भुतं नाकात बोलतात. छापताना प्रत्येक शब्दावर चंद्रबिंदू पडतो. मी हे मराठीत आणायला गेले आणि पाहिलं की आमच्या बोलीच्या लेखनात ‘माझं घर’, ‘तुझं पुस्तक’, ‘काय झालं’ असे टिंब आधीच सगळीकडे पसरलेले आहेत. बंगाली मैत्रिणीला एक पान दाखवलं तर ती म्हणाली, “अरे, तुम्ही सगळेच भूत!”

ती हसली, मीही हसले. पण ते वाक्य मला तेव्हा जितकं लागायला हवं होतं तितकं लागलं नाही. ते लागलं नंतर.

माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला सांभाळायला एक माशी येत. (मराठी कानाला हा शब्द खटकतो, पण बंगालीत माशी म्हणजे मावशी.) दुपारी तिला निजवताना त्या बंगालातली सर्वांत प्रसिद्ध अंगाई म्हणत. मूल झोपलं, गाव शांत झालं, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरायचा. मी विचारलं, “माशी, बर्गी म्हणजे कोण?” त्या म्हणाल्या, “बौदी, ते एक प्रकारचं भूत. घोड्यावर बसून येतं. न झोपणारी मुलं नेतं.”

बर्गी म्हणजे बारगीर. मराठी फौजेत स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. ज्याला सरकारातून घोडं मिळतं तो बारगीर. 1742 साली नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या. नवाब अलीवर्दीखानाने 1744 साली बोलणी करण्याच्या निमित्ताने भास्कररामांना बोलावून मारलं, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. 1751 साली तह झाला: वर्षाला बारा लाख रुपये चौथाई, आणि ओरिसा व्यवहारात भोसल्यांकडे. मधल्या नऊ-दहा वर्षांत पश्चिम बंगालच्या गावांचं काय झालं ते गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्याच काळात लिहून ठेवलं आहे. जळलेली गावं, डोक्यावर बोचकी घेऊन पळणारे लोक, बायकांवरचे अत्याचार. कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोच मराठा डिच. तो पुरा झालाच नाही आणि बर्गी कलकत्त्यापर्यंत आलेही नाहीत. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मराठा डिच लेन मात्र अजून आहे.

मी नागपूरची. रघुजी भोसल्यांचं नाव आमच्या गावात कौतुकाने घेतलं जातं, आणि शाळेत बंगालची स्वारी आम्ही चौथाईच्या रकमेसह एका वाक्यात शिकलो. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग अडीचशे वर्षांहून अधिक काळ इथल्या पाळण्यात गायला जात होता, हे कळायला मला बंगाली शिकावं लागलं.

मी माशींना म्हटलं, “बर्गी म्हणजे आम्हीच. मराठी माणसं.” त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं आणि ठामपणे मान हलवली. “छे! तुम्ही कशा बर्गी?” त्यांच्या लेखी ते भूतच होतं. त्यांनी मला त्या यादीतून काढून टाकलं, प्रेमाने. पण यादी तशीच राहिली.

आता माझ्या हातातल्या पुस्तकात ही अंगाई आहे. मराठीत काय लिहायचं? ‘बागुलबुवा आला’ लिहिलं तर ओळ गाता येते, कुणालाही टीप लागत नाही, आणि मराठी मूल सुखाने झोपतं. संपादकांनाही तेच बरं वाटलं. ‘मराठे आले’ लिहिलं तर अर्थ अचूक, पण ते अंगाई राहत नाही आणि वादाचं कारण होतं. मुळात बंगाली मूलही ‘मराठे’ ऐकत नाही, ‘बर्गी’ ऐकतं.

बागुलबुवा लिहिणं म्हणजे नॉकरमधला ज्यू गळून पडला तसंच काहीतरी, फक्त उलट दिशेने. तिथे ज्याच्यावर ठपका आला त्याचं नाव पुसलं गेलं. इथे ज्यांच्याकडून खरंच घडलं त्यांचं नाव पुसलं जाईल, आणि पुसणारा हात मराठी असेल. मामदोच्या बाबतीतही मी आधी ‘खवीस’ लिहून मोकळी होणार होते. वाचकाला सोपं गेलं असतं. आता मी मामदोच ठेवला आहे आणि तो कोण, त्याला असं का म्हणतात, हे गोष्टीआधी दोन ओळींत सांगितलं आहे. एका समाजाने दुसऱ्याला कुठल्या झाडावर बसवलं ते मुलांना समजू दे. जखीणही परत आणली आहे; तिच्या हातात शंखाच्या बांगड्या आहेत.

अंगाईत मी ‘बर्गी’ ठेवलं. खाली एकच ओळ टाकली: बर्गी म्हणजे बारगीर, 1742 ते 1751 या काळात नागपूरहून बंगालात आलेले मराठी घोडेस्वार. संपादकांनी विचारलं, एवढ्या लहान मुलांच्या पुस्तकात हे हवंच का? मी म्हटलं, बंगालातल्या मुलांनी हे त्यांच्याहून लहान वयात ऐकलं आहे.

ओळ अजून कच्च्या मुद्रितात आहे. छापून येईल की नाही, ते अजून ठरायचं आहे.